बोलतं करणारं करिअर

तुमच्या बिल्डिंगमध्ये असं एखादं पिल्लू नक्की असेल. वय साडेतीन. लिफ्टमध्ये भेटलं की हसतं, टाळी देतं, आईच्या मोबाइलवर स्वतःचं स्वतः गाणं लावतं. पण ‘नाव काय रे तुझं?’ विचारलं की आईच्या मागे लपतं. आई कसनुसं हसते. मग लिफ्टमधलीच एखादी काकू निकाल देऊन टाकते, ‘अगं, मुलगा आहे ना, मुलं उशिराच बोलतात. आमचा बंड्या चौथ्या वर्षी बोलायला लागला. आता गप्प बस म्हणावं लागतं!’ सगळे हसतात. लिफ्ट ग्राउंडला येते. विषय संपतो.

विषय तिथेच संपतो, हाच खरा प्रॉब्लेम आहे. काकूंचा बंड्या आपला आपण बोलायला लागला असेलही. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात. पण कोणतं मूल बरोबरीला येणार आणि कोणतं मागेच राहणार, हे लिफ्टमध्ये कळत नाही. ते ओळखायला शिकलेला माणूस लागतो. पुस्तकात त्याला स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट म्हणतात, मराठीत वाचा-भाषा तज्ज्ञ आणि ओपीडीच्या रांगेत ‘स्पीचवाल्या मॅडम’. बारावीनंतर काय, ग्रॅज्युएशननंतर काय, या चर्चेत हे करिअर फारसं कोणी सुचवत नाही. म्हणून आज त्याच्याबद्दल बोलू. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड असं कुठेही वाढलेल्या आणि दिवसभरात तीन-चार भाषांची मिसळ करणाऱ्या तुमच्यासारख्यांकडे या कामासाठी लागणारी एक गोष्ट आधीपासूनच आहे. ती कोणती, ते पुढे येईलच.

आधी एक खेळ

घरात चार-पाच वर्षांचं भावंड किंवा शेजारचं पोर असेल, तर आज संध्याकाळी हा खेळ खेळून बघा. कागदावर काहीतरी विचित्र प्राणी काढा आणि सांगा, ‘हा एक टुंबा आहे.’ मग त्याच्या शेजारी दुसरा काढा. ‘आता हे दोन आहेत. हे दोन...?’ बरीच मुलं बिनधास्त सांगतील, ‘टुंबे!’ मग दुसरं चित्र. ‘ही एक गिपी. आता या दोन...?’ उत्तर येईल, ‘गिप्या.’

आता विचार करा. ‘टुंबा’ हा शब्द त्या पोराने जन्मात ऐकलेला नाही. तो आत्ताच तुम्ही बनवलात. मग ‘टुंबे’ आलं कुठून? घोडा-घोडे, काठी-काठ्या ऐकता ऐकता त्याने नियम मनात तयार केला. कोणी शिकवला नाही, व्याकरणाचा तास झाला नाही. अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८ साली अशाच बनावट शब्दांची चाचणी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर केली. ‘वग टेस्ट’ या नावाने ती आजही भाषाविज्ञानाच्या वर्गात शिकवली जाते.

याच कारणाने लहान मूल ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणतं. घरात कोणीच ‘करलं’ म्हणत नाही. पण धर-धरलं, भर-भरलं, मग कर-करलं! चूक आहे, पण हुशारीची चूक आहे. नियमाची मशीन चालू असल्याचा तो पुरावा आहे. काही मुलांमध्ये मात्र ही मशीन अडखळते. आपल्या करिअरची गोष्ट तिथून सुरू होते.

बोलणं वेगळं, भाषा वेगळी

या क्षेत्रातला पहिला धडा असा, की वाचा आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कावळा’ला ‘तावला’ म्हणणाऱ्या मुलाला शब्द माहीत आहे, अर्थ माहीत आहे, फक्त जीभ मागच्या ऐवजी पुढे लागतेय. हा उच्चाराचा म्हणजे वाचेचा प्रश्न. अडीच-तीन वर्षांपर्यंत ते गोडच वाटतं आणि चालतंही. पाचव्या वर्षीही ‘काका’चा ‘ताता’ होत असेल तर दाखवायला हवं. तोतरेपणा हाही वाचेचाच भाग. दोन ते पाच वर्षांच्या काळात बरीच मुलं अडखळतात आणि त्यातली बहुतेक पुढे मोकळी बोलू लागतात. पण सगळी नाही.

भाषेचा प्रश्न जास्त फसवा असतो. मुलाचे उच्चार स्वच्छ असतात, पण वाक्य जुळत नाही. गोष्ट सांगताना कोण कोणाला काय म्हणालं याचा गुंता होतो. ‘दप्तर ठेव, हात धू आणि मग डबा आण’ यातलं फक्त शेवटचं कळतं. असं मूल शाळेत गेलं की त्याला ‘लक्ष देत नाही’, ‘आळशी आहे’ आणि सरळ ‘ढ’ अशी लेबलं लागतात. गणितात बेरीज येते, पण शाब्दिक उदाहरण आलं की विकेट पडते, कारण अडचण बेरजेत नसून वाक्यात असते.

श्रवणदोष, ऑटिझम असं दुसरं कारण सापडत नसताना भाषा रखडते आणि रोजच्या जगण्याच्या आड येते, तेव्हा तिला आता ‘डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर’ म्हणजे विकासात्मक भाषादोष म्हणतात. हे नाव पक्कं व्हायलाही २०१६-१७ साल उजाडलं. त्याआधी एकाच अडचणीला अर्धा डझन नावं होती. ऑक्सफर्डच्या डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने पन्नासहून जास्त तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी फेऱ्यांवर फेऱ्या चर्चा करून एकमत घडवलं. इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत चार-पाच वर्षांच्या मुलांमध्ये याचं प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास दिसलं, म्हणजे तीसच्या वर्गात सरासरी दोन मुलं. आकडे तिथले आहेत, आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण तुमच्या शाळेतल्या वर्गात शेवटच्या बाकावर कोण बसायचं, ते एकदा आठवून बघा.

‘घरात फक्त इंग्लिश बोला’

आता आपल्या उपनगरांकडे या. घरी मराठी. खाली वॉचमनकाकांशी हिंदी. घाटकोपर-मुलुंडला असाल तर शेजारी गुजराती. प्लेग्रुपमध्ये टीचर इंग्लिशमध्ये ‘सिट डाउन’ म्हणणार आणि यूट्यूबवर भलतंच काहीतरी. मूल उशिरा बोलायला लागलं की पहिला संशय या भाषांवर जातो. ‘गोंधळ होतोय त्याचा, एकच भाषा ठेवा’ असा सल्ला सगळीकडून येतो. ती एक भाषा म्हणजे अर्थातच शाळेची इंग्रजी. मग घरात आई-बाबा मोडक्या इंग्रजीत ‘ईट युवर भाजी’ करायला लागतात आणि आजी गप्प होते, कारण तिला ते जमत नाही.

संशोधन या सल्ल्याच्या बाजूने नाही. दोन किंवा तीन भाषा ऐकल्यामुळे भाषादोष होत नाही. ज्याला भाषादोष आहे, त्याची अडचण त्याच्या सगळ्याच भाषांमध्ये दिसते. एक भाषा काढून घेतली म्हणून दुसरी सुधारत नाही. उलट ज्या भाषेत आजी गोष्टी सांगते, आई रागावते, बाबा लाड करतात, ती सगळ्यात समृद्ध भाषाच त्या मुलाच्या हातून जाते. जे पोर मुळात कमी बोलतं, त्याच्याशी बोलणारं एक माणूस आपण कमी करतो.

तुमच्याकडे आधीपासून असलेली गोष्ट ती हीच, तुमच्या भाषा. इंग्रजीत भाषादोष ओळखायची एक ठरलेली खूण म्हणजे मूल क्रियापदामागचे भूतकाळाचे वगैरे प्रत्यय गाळतं. मराठीत ती खूण तशीच्या तशी वापरणार कशी? आपलं क्रियापद वेगळ्याच वाटेने जातं. मुलगा असला तरी ‘मुलाने पोळी खाल्ली’ आणि मुलगी असली तरी ‘मुलीने भात खाल्ला’. क्रियापद खाणाऱ्याकडे बघत नाही, ताटाकडे बघतं! इंग्रजीतली चाचणी भाषांतरित केली तर हे तपासणारा प्रश्नच त्यात नसणार. इटालियन, हिब्रू अशा भाषांवरच्या कामातूनही हेच दिसलंय, की भाषादोषाची खूण भाषेगणिक बदलते.

त्यात मराठी तरी एक कुठे आहे? वर्सोव्याच्या कोळीवाड्यातलं मूल, मालवणी बोलणाऱ्या घरातलं मूल, जळगावहून येऊन दहिसरला स्थायिक झालेल्या अहिराणी घरातलं मूल. ज्याच्या घरात सगळेच ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात, ते मूलही ‘पानी’च म्हणणार. तो दोष नाही, ती त्याची बोली आहे. पुस्तकी मराठीची फूटपट्टी घेऊन बसलेला थेरपिस्ट अशा मुलाला नसलेला आजार चिकटवेल. आणि दुसऱ्या एखाद्या मुलाची खरी अडचण ‘घरी तसंच बोलतात ना’ म्हणून सोडून देईल. दोन्हीकडे नुकसान मुलाचंच.

क्लिनिकमध्ये नेमकं काय चालतं?

पहिली गोष्ट, कान तपासणं. मूल बोलत नाही म्हटलं की आधी ते ऐकतंय का, हे बघायचं. ‘टाळी वाजवली की वळतो’ हा पुरावा नाही. काही मुलांना दार आपटल्याचा आवाज येतो, पण ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज येत नाहीत. मग बाळ झोपलेलं असताना कानात छोटीशी तपासणी सळई ठेवून ओएई, आणि गरज पडली तर डोक्याला इलेक्ट्रोड लावून बेरा अशा चाचण्या होतात. श्रवणयंत्र बसवलं किंवा कॉक्लिअर इम्प्लांट झालं म्हणजे काम संपलं असंही नाही. आवाज ऐकू येणं आणि आवाजाला अर्थ असतो हे कळणं, यामध्ये थेरपीची काही वर्षं असतात.

थेरपीची खोली बाहेरून बघितली तर वाटेल, मॅडम नुसत्या खेळतायत. साबणाचे फुगे काढतात. मग बाटलीचं झाकण घट्ट लावतात आणि थांबतात. पाच सेकंद. दहा सेकंद. मूल बाटलीकडे बघतं, मॅडमकडे बघतं, हात पुढे करतं आणि म्हणतं, ‘अ...जू...’ लगेच फुगे! ते दहा सेकंद थांबणं हीच खरी ट्रीटमेंट असते. आपण मोठी माणसं मुलाच्या आधी बोलून टाकतो. मूल ‘गाडी’ म्हणालं तर ‘गाडी नाही, नीट वाक्यात बोल’ असं म्हणायचं नाही. ‘हो, लाल गाडी गेली!’ असं म्हणून त्याच्या एका शब्दाला दोन शब्द जोडायचे. आणि हे सगळं आई-बाबांना, आजीला शिकवायचं, कारण थेरपिस्टकडे आठवड्याला तास-दोन तास असतात, बाकीचा आठवडा घराकडे असतो.

काही मुलं तोंडाने बोलूच शकत नाहीत. त्यांच्यासाठी चित्रं, खुणा, टॅबलेट वापरतात. पवईच्या आयआयटीमधल्या आयडीसी या डिझाइन स्कूलमधून आलेलं ‘जेलो’ हे ॲप याच कामाचं आहे. चित्र दाबलं की ॲप बोलतं, आणि ते मराठीतही बोलतं. म्हणजे डिझाइन किंवा कम्प्युटर शिकणाऱ्यांसाठीही इथे दार उघडं आहे.

एक पाय क्लिनिकमध्ये, एक लायब्ररीत

या क्षेत्रातले बरेच चांगले लोक दोन्हीकडे असतात. सकाळी मुलांना बघतात, दुपारी शिकवतात आणि संशोधन करतात. याचं कारण साधं आहे, प्रश्न क्लिनिकमध्येच सापडतात. तीन वर्षांचं मराठी मूल साधारण कोणते शब्द वापरतं? ‘ळ’ आणि ‘ण’ कोणत्या वयात बसतात? भाषादोष असलेलं मराठी मूल ‘ने’ प्रत्ययाचं काय करतं? अशा एकेका प्रश्नावर एकेक पीएचडी उभी राहू शकते. विकासात्मक भाषादोषाचं नाव ठरवणारे ते पन्नासहून जास्त तज्ज्ञ सगळे इंग्रजी बोलणाऱ्या देशांतले होते. तो त्यांचा दोष नाही, पण आपल्या मुलांसाठीचा अभ्यास कोणी करायचा याचं उत्तर त्यात आहे. अर्ध्या वाक्यात भाषा बदलणाऱ्या मुंबईकर मुलांचा अभ्यास लंडनमध्ये बसून होणार नाही.

त्यासाठी स्पीच थेरपिस्टच व्हायला हवं असंही नाही. कालिन्याला मुंबई विद्यापीठात भाषाविज्ञान विभाग आहे. मानसशास्त्र शिकणारे बालविकासाकडे वळू शकतात. चेंबूरच्या हशू अडवाणी कॉलेजात विशेष शिक्षणाचं शिक्षण मिळतं. हे सगळे रस्ते शेवटी त्याच मुलापाशी येतात.

शिकायचं कुठे?

मुंबईकर इथे नशीबवान आहेत. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, १९८३ साली सुरू झालेली केंद्र सरकारची संस्था. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाची ऑडिओलॉजी अँड स्पीच थेरपी स्कूल आहे, देशातल्या सर्वांत जुन्या प्रशिक्षणकेंद्रांपैकी एक. पुण्यात भारती विद्यापीठात हा कोर्स आहे. महाराष्ट्राबाहेर सगळ्यात मोठं नाव म्हणजे १९६५ साली स्थापन झालेली म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग. पीएचडीपर्यंतचं शिक्षण तिथे एकाच कॅम्पसमध्ये मिळतं.

पदवीचं नाव बीएएसएलपी. इंटर्नशिप धरून चार वर्षं. बारावीला विज्ञान शाखा लागते आणि महाराष्ट्रात राज्य सीईटी सेलमार्फत होणारे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात. एमबीबीएस मिळालं नाही म्हणून नाइलाजाने इथे आलेलेही भेटतील. त्यातले काही वर्षभरात प्रेमात पडतात, काही शेवटपर्यंत कुरकुरतात. पुढे दोन वर्षांची मास्टर्स, मग हवी तर पीएचडी. प्रवेशाचे नियम बदलत असतात, त्यामुळे त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, मित्राच्या फॉरवर्डवर जाऊ नका.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. भारतात या व्यवसायासाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. तिचा कायदा १९९२ चा आहे. चार वीकेंडचा ऑनलाइन कोर्स करून ‘थेरपिस्ट’ होता येत नाही. कोर्स निवडताना तो आरसीआयमान्य आहे का हे बघा आणि नात्यातल्या कोणाला मुलासाठी थेरपिस्ट शोधून देताना त्यांचा नोंदणी क्रमांकही विचारा. विचारण्यात लाज कसली?

काम मिळतं कुठे? हॉस्पिटलं, विशेष शाळा, स्वतःचं क्लिनिक, श्रवणयंत्रांच्या कंपन्या, कॉलेजं. सरकारी बाजूही आहे. शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. भाषेतली दिरंगाई आणि श्रवणदोष हे दोन्ही त्याच्या यादीत आहेत. अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात आणि तिथे या तज्ज्ञांची गरज असते.

खरं खरं सांगायचं तर

हे काम रीलमध्ये दिसतं तसं नाही. रीलमध्ये मूल पहिल्यांदा ‘आई’ म्हणतं आणि मागे व्हायोलिन वाजतं. प्रत्यक्षात त्या एका शब्दाच्या मागे कित्येक महिन्यांचे कंटाळवाणे तास असतात आणि काही मुलं ‘आई’ म्हणतच नाहीत. तेव्हा त्या आईला खोटी आशाही दाखवायची नाही आणि हताशही करायचं नाही, हे कोणत्याही पुस्तकात नीट शिकवलेलं नसतं. सुरुवातीचा पगार इंजिनीअर मित्रांच्या पॅकेजशेजारी ठेवलात तर वाईट वाटू शकतं. दिवसभर जमिनीवर बसून पाठ दुखते. पालक मध्येच येणं बंद करतात, बहुतेक वेळा नाइलाजाने. मुलुंडहून वांद्र्याला पोहोचायचं म्हणजे दादरला उतरून लाइन बदलायची, कडेवर चार वर्षांचं पोर, आणि आईचा त्या दिवसाचा रोज बुडालेला. हे आठवड्यातून दोनदा, वर्षभर कोण करेल? म्हणून हे तज्ज्ञ उपनगरांत, मुलाच्या घराजवळ आणि परवडणाऱ्या फीमध्ये हवेत. तुमच्यातलं कोणी नालासोपारा किंवा भांडुपला असं क्लिनिक काढलं, तर कितीतरी घरांचा लोकलप्रवास वाचेल.

हे वाचूनही मन तिकडे ओढ घेत असेल तर सुट्टीत एखाद्या विशेष शाळेत परवानगी काढून आठवडाभर मदतीला जा. मुलांपेक्षा आपल्यालाच किती थांबावं लागतं, ते बघा. ते थांबणं आवडलं तर तुम्ही योग्य जागी आलात.

आणि हे करिअर करायचं नसेल, तरी त्या लिफ्टमध्ये तुम्ही असणारच आहात. एवढं लक्षात ठेवा. वर्षाच्या आसपास पहिला शब्द, दोन वर्षांपर्यंत ‘बाबा आले’सारखे दोन शब्द जोडणं, तीन वर्षांपर्यंत परक्यालाही बरंचसं कळेल असं बोलणं, हा साधारण हिशेब. हाक मारल्यावर बघत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील तर वाट बघायचीच नाही. पुढच्या वेळी काकू ‘बोलेल की हळूहळू’ म्हणाल्या, की त्यांचं बोलणं खोडू नका. फक्त त्या आईला खाली उतरल्यावर बाजूला घेऊन सांगा, ‘ताई, बोलेलच तो. पण एकदा कान तपासून घेऊ या का? वांद्र्याला होतं. मी येते सोबत.’